खोटा धीर

लहान मुलाचे भय घालविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला धीर देणे, अशी माझी जन्मभराची समजूत होती. पंचगंगेच्या दोन महापुरांत ती वाहून गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये जयंती नाल्याचे पाणी शाहूपुरीतील आमच्या घरात शिरले, तेव्हा माझी नात सहा वर्षांची होती. आम्ही नावेतून बाहेर पडलो. आठवड्याने परत येऊन पाहतो, तो बेंदराला तिने हौसेने कोनाड्यात मांडलेल्या मातीच्या बैलजोडीचा चिखल झालेला! पोर रडली नाही. त्या चिखलात बोट फिरवीत मुकाट्याने बसून राहिली. मला ते मौन सहन होईना. मी म्हणालो, "बाळ, असा पूर पुन्हा येणार नाही. मी सांगतो ना!" राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. असा प्रसंग आयुष्यात एकदाच यायचा, हा माझा हिशेब. परंतु खरे सांगायचे, तर तो धीर तिच्यासाठी नव्हताच. तिच्या मुक्या दुःखापुढे मी कासावीस झालो होतो, आणि त्यातून मी माझीच सुटका करून घेतली होती.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांपलीकडे गेले. सामान माळ्यावर चढवीत असता नात एवढेच म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर सांगितलं होतं." तिच्या स्वरात राग असता, तर मी तिची समजूत घातली असती. पण या माणसाच्या शब्दावर यापुढे किती विसंबावे, याचा ती विचार करीत होती.

त्या रात्री नातलगांच्या घरी तिला झोप येईना. राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, असे तिने कुठेसे ऐकले होते. काळोखात कोणी नसताना उघडणाऱ्या त्या दरवाजांची तिने धास्ती घेतली होती. 'काही होत नाही, झोप' हे शब्द माझ्या ओठांवर आले. ते मी गिळले. धरण काठोकाठ भरले की ते सात दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात, पातळी उतरली की मिटतात, आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येते, हे मी तिला कागदावर काढून दाखविले.

"म्हणजे पूर पुन्हा येईल?"

"येईलही. पण तेव्हा काय करायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू."

ती थोडा वेळ विचारात पडली. "आधी बैल वर ठेवायचे," असे म्हणून झोपी गेली.

जुलै २०२४ मध्ये नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. शेजारचे चिमुरडे पोर आमच्या पायरीवर रडत होते. जुन्या सवयीने मी "काही होणार नाही रे" म्हणणार, तोच नात त्याच्याजवळ जाऊन बसली. "पाणी येईल की नाही, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "तुझे बैल आण. माझ्या बैलांशेजारी ठेवू."

पोर डोळे पुशीत घराकडे धावले.