मुंगसाच्या केसांच्या ब्रशास

प्रिय सहा नंबरी,

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी वडिलांनी तुला आणलं. तुझ्याइतकं हाताचं ऐकणारं दुसरं काही मला मिळालं नाही. पाण्यात बुडवून झटकलं की टोक सुईसारखं जुळायचं. पोटात रंग धरायचास आणि दाब पडेल तसा सोडायचास. एका बुडवणीत आभाळाचा वॉश उतरायचा आणि त्याच टोकाने तारेवरच्या पाखरांचे पायही काढता यायचे. कितीही दाबलं तरी पुन्हा ताठ.

तू कुणाचा, हे मी कधी विचारलं नाही. टोक गडद तपकिरी, त्याखाली सायीसारखा फिका पट्टा. मला ते तुझं रूप वाटायचं. मुंगसाचा केस असा दुरंगी असतो, हे फार उशिरा कळलं.

लहानपणी बांधावरून मुंगूस सळकन गेलं की आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. त्यानं वळून बघितलं की दिवस चांगला जाणार, ही खात्री. आणि त्याच्याच अंगावरचे केस माझ्या दप्तरात होते!

मेंढीसारखं कातरून मुंगसाला सोडून देत नाहीत. ते मारलंच जातं. एक किलो केसांसाठी पन्नासेक मुंगसं लागतात. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत छापे घातले, तेव्हा शंभर किलोंहून जास्त केस सापडले. म्हणजे पाच हजारांवर मुंगसं. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट ब्रशांसाठी प्रसिद्ध; या धंद्याची वाट तिथूनही जाते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि 1 एप्रिल 2023 पासून मुंगूस त्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला आहे. तरी दुकानात कुणी हळूच विचारतंच, 'असली केसाचा देऊ का?'

आता मी सिंथेटिक ब्रश वापरतो. खरं सांगतो, त्याचं पोट लहान आहे. घडोघडी बुडवावा लागतो, काही महिन्यांत टोक आकड्यासारखं वळतं, आणि शेवटी ते प्लास्टिक, याचीही टोचणी आहेच. पण हातानं जुळवून घेतलं. वॉशसाठी रुंद ब्रश घेतो, रंग आधीच भरपूर कालवून ठेवतो, रेघेसाठी दुसरा ब्रश. दात घासायला एकेकाळी डुकराचे राठ केस होते. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनचा टूथब्रश आला आणि तोंडांनीही जुळवून घेतलंच की. माझ्या चित्रातलं आभाळ थोडं डागाळलं तर डागाळू दे.

तुला फेकून देववत नाही आणि घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. म्हणून सोमवारी तुला वनखात्याच्या कार्यालयात नेऊन देणार आहे. आज संध्याकाळी साबणानं धुतलं, बोटांनी टोक जुळवलं. अजून सुईसारखंच जुळतंय.

तुझा,
एक चित्रकार