धनुष्यावरची साल

‘भूर्ज’ हा शब्द मला प्रथम भेटला तो हस्तलिखितांच्या संदर्भात. हिमालयात वृक्षरेषेजवळ वाढणाऱ्या या झाडाची साल पापुद्र्यांनी सुटते. आपल्याकडे शतकानुशतके तिचा कागदासारखा उपयोग झाला. १८८१ मध्ये पेशावरजवळ बख्शाली येथे सापडलेले गणिताचे हस्तलिखित अशाच सालीवर लिहिलेले आहे. पुढे धनुष्ये घडवण्याचा छंद जडला, तेव्हा कळले की या कुळातील झाडांच्या सालीने लेखणीप्रमाणे शस्त्राचीही सेवा केली आहे. कोरियातील ‘गाकगुंग’ हे पारंपरिक धनुष्य बांबू, तुतीचे लाकूड, म्हशीचे शिंग आणि जनावराच्या कंडरा माशाच्या वाताशयापासून केलेल्या सरसाने जोडून घडवतात. हा सरस ओलाव्याने सैल पडतो. म्हणून अखेरीस वरून भूर्जकुळातील झाडाची साल चिकटवतात. ती पाणी आत शिरू देत नाही. झाडावर जे काम तिने केले, तेच ती धनुष्यावर पुढे चालू ठेवते.

माझे धनुष्य इतके राजस नव्हते. ते धामणीचे होते. सह्याद्रीतले हे लाकूड चिवट आणि लवचिक. वाऱ्याने मोडून पडलेली एक फांदी मिळाली, ती वर्षभर सावलीत वाळवली. पुढचे काम धीराचे होते. धनुष्य ओढले की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. त्यामुळे साल काढताना तिच्याखालचा लाकडाचा थर अखंड राहावा लागतो. त्याचे तंतू जिथे तुटतील, तिथूनच भंग सुरू होण्याचा धोका असतो. हे सारे मला ठाऊक होते. तरीही एका संध्याकाळी घाईत पटाशी घसरली आणि बाहेरच्या बाजूवर बोटभर लांबीची चीर पडली.

वर्षभराची वाट पाहणे वाया गेले, हे मान्य करायला मन तयार होईना. पूजासाहित्याच्या दुकानातून भूर्जपत्र आणले, सरस लावून ते धनुष्यावर बसवले. तांबूस, आडव्या रेषांची ती साल फार सुंदर दिसली. चीर कुठे होती, हे मलाही शोधावे लागले असते.

सुट्टीत बारा वर्षांचा भाचा आला. धनुष्यावरून हात फिरवत त्याने विचारले, “मामा, ही साल कशासाठी लावलीस?”

“पाणी लागू नये म्हणून,” मी म्हणालो. उत्तर शास्त्रशुद्ध होते, आणि तरीही खोटे होते.

“उद्या मी ओढून बघू?”

मी मान हलवली. त्या रात्री मात्र झोप आली नाही. पहाटे उठून अंगणात गेलो आणि एकट्यानेच धनुष्य ओढले. अर्ध्या ओढीवर कडकन आवाज झाला. वरचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. माझ्या जागी भाचा असता, तर तो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून गेला असता.

आवाजाने तो धावत आला. मी त्याला तुटलेली जागा दाखवली. साल सोलून खालची चीर दाखवली, आणि ती मीच झाकली होती, हेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे साल वाईट नव्हती.”

नव्हतीच. साल राखण करते. लाकडाला नसलेले बळ ती देऊ शकत नाही. पुढचे धनुष्य आम्ही दोघांनी मिळून केले. महिनाभर ते थोडे थोडे अधिक वाकवले, प्रत्येक वेळी बाहेरची बाजू उजेडात धरून पाहिली. साल त्यानंतरच चढवली. तिच्याखाली काय आहे, हे आता आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.