सामोरे आणि पाठमोरे

ऑगस्टमध्ये फ्रिंज महोत्सवासाठी एडिंबराला जाणाऱ्याने मोठ्या नाट्यगृहांची तिकिटं काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तिथली नाटकं पुढे लंडनला जातात, बक्षिसं मिळवतात, कधी ना कधी पडद्यावर तरी आपल्या वाट्याला येतात. पबच्या मागच्या खोलीत जे घडतं ते तिथेच घडतं आणि तिथेच जिरतं. पुढे गाजलेलं ‘फ्लीबॅग’ हे नाटकसुद्धा २०१३ साली काउगेटवरच्या एका भुयारी खोलीत पहिल्यांदा उभं राहिलं होतं, हे कबूल. पण तसं भाग्य एखाद्याचंच. बाकीचे पदरमोड करून येतात, महिनाभर घसा फोडतात आणि सप्टेंबरात आपापल्या नोकरीवर रुजू होतात.

या फ्रिंजचा जन्मच मुळी आगंतुकांचा. १९४७ साली, युद्ध संपून दोन वर्षं होताहेत तोवर, रुडॉल्फ बिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एडिंबरात आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरवला. त्याचं आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या तरीही आल्या आणि मिळेल त्या जागेत खेळ लावून मोकळ्या झाल्या. आज त्या आठांचे तीन हजारांहून जास्त खेळ झालेत, पण निवड समिती अजूनही नाही. जागा मिळवा आणि करा. त्यामुळे चाळीस खुर्च्या कशाबशा मावतील अशी पबमधली कुठलीही खोली ऑगस्टपुरती रंगमंदिर होते.

आणि अशा खोल्यांची या शहराला वाण नाही. साउथ ब्रिज हा १७८८ साली वाहतुकीला खुला झालेला पूल. त्याला एकोणीस कमानी. दिसते मात्र एकच, काउगेटवरची. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी गिळून टाकल्या. त्या कमानींच्या पोटात मजले घालून कोठड्या केल्या होत्या. तिथे चांभार, दारूचे गुत्ते, मग नुसतेच निराधार गरीब राहून गेले, कारण वरून पाणी गळायचं आणि ज्यांना परवडत होतं ते निघून जायचे. आता अशाच कोठड्यांतून माइक लागलेला असतो. भिंतीला हात लावला तर ओल लागते, आणि शिळ्या बिअरचा वास कपड्यांत घरापर्यंत येतो.

अशाच एका खोलीत मी एक विनोदवाला पाहिला. खरं तर तो मला दुपारी रॉयल माइलवर भेटला होता, पावसात पत्रकं वाटताना. पत्रकावर वर्तमानपत्राने दिलेल्या ताऱ्यांची चिठ्ठी स्टेपलरने टोचलेली होती. ती टाचणी इतकी ताजी, की माझं बोट ओरखडलं. संध्याकाळी खोलीच्या दाराशी ‘आत या, पुढे बसा’ म्हणायलाही तोच. खुर्च्या सरळ करायलाही तोच. मग तो काळ्या पडद्यामागे गेला आणि तिथून आवाज जाड करून त्याने स्वतःचंच नाव पुकारलं, टाळ्यांची मागणी केली आणि आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा करून बाहेर आला. आम्ही डझनभर टाळकी. पहिली रांग रिकामी, कारण स्टँडअपच्या पहिल्या रांगेत बसायला सगळ्याच देशांतली माणसं घाबरतात.

त्याच्या उजव्या हाताला, पातळ भिंतीपलीकडे, स्वच्छतागृह होतं. तो गोष्ट रंगवत रंगवत शेवटच्या वाक्यापाशी यायचा आणि नेमकं तेव्हाच पलीकडे हात वाळवायचं यंत्र घरघरायचं. पहिल्यांदा त्याने ते सोसलं. दुसऱ्यांदा थांबून भिंतीकडे बघितलं. तिसऱ्यांदा त्याने भिंतीला वाकून नमस्कार केला, ‘कौतुकाबद्दल आभारी आहे’ म्हणाला आणि खोलीत खराखुरा हशा पिकला. लिहून आणलेल्या विनोदांपैकी मला आज एकही आठवत नाही. पण पुढचा अर्धा तास ते यंत्र त्याचं जोडीदार झालं होतं. आमच्यापैकी कुणीतरी उठून त्या दिशेने गेला, की आम्ही सगळे कान टवकारून वाट बघायचो आणि तो गोष्टीचा वेग त्या बेताने कमी-जास्त करायचा. असं काम तालमीत होत नाही. त्यासाठी वाईट खोलीच लागते.

तासाच्या आत खेळ संपवावाच लागतो. दाराबाहेर पुढचा गडी आपलं बॅनर काखेत मारून उभा असतो. म्हणून शेवटची दोन मिनिटं बादलीची. पीटर बकली हिल नावाच्या विनोदी कलावंताने १९९६ मध्ये ही फुकट खेळांची रीत फ्रिंजमध्ये सुरू केली. कलाकाराने खोलीचं भाडं द्यायचं नाही, प्रेक्षकाने तिकीट काढायचं नाही, पबवाल्याने आपली बिअर विकावी आणि जाताना ज्याला जे वाटेल ते त्याने बादलीत टाकावं. आमच्या आळीतल्या मंदिरात कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरायचं तेव्हा आजी रुमालाची गाठ सोडायला घ्यायची, तशी त्या खोलीत पाकिटांची चुळबुळ सुरू झाली. पण ताट देवाच्या नावाने फिरतं. इथे बादली धरून तो स्वतःच दारात उभा, आणि त्याच्या डोळ्याला डोळा न देता बाहेर पडणं अशक्य. एक जोडपं फोनवर बोलत असल्याचं सोंग करून निसटलं. त्यांचा त्या संध्याकाळचा अभिनय, माझ्या मते, बरा होता. हल्ली बादलीशेजारी कार्डाचं यंत्रही असतं. तरी बादलीत पडलेल्या नाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि नोटेचा जात नाही, ही पंचाईत कायम आहे.

वर रस्त्यावर आले तर किल्ल्याच्या बाजूने मिलिटरी टॅटू या लष्करी सोहळ्यातल्या संचलनाचे धडाके ऐकू येत होते. दहा मिनिटं चाललं की फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स हा पब लागतो. आत शिरावं तर समोर गर्दीच्या पाठी, आणि त्यांच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती, वादकांच्याही पाठीच. दोन फिडल, एक बासरी, एक गिटार, आणि टेबलावर अर्धवट प्यालेल्या एटी शिलिंग बिअरच्या तांबूस पेल्यांमध्ये कुणीतरी आडवी टाकलेली टिनची शिट्टी. स्टेज नाही, माइक नाही. ही मंडळी एकमेकांकडे तोंड करून वाजवतात. आपण ऐकलं तर ऐकलं.

एकजण सुरुवात करतो. नाव सांगत नाही. दोन-चार मात्रांत इतरांना सूर सापडतो, की ते त्यात उतरतात. ज्याला चाल येत नाही तो पेला उचलतो. एक रील, म्हणजे नाचाची चाल, तीन वेळा घोळवतात आणि मग कुणीतरी भुवई वर करतो. तेवढ्या इशाऱ्यावर सगळे दुसऱ्या चालीत, बहुधा दुसऱ्या पट्टीतही, उडी मारतात. त्या पट्टीबदलाच्या क्षणी गर्दीतून एक हुंकार निघतो. मला मैफलीत मान डोलवायची, ‘क्या बात है’ म्हणायची सवय. इथे दाद कुणाच्या तोंडावर द्यायची, तेच कळेना. शेवटी समोरच्या बाईंच्या स्वेटरकडे बघून मान डोलावली.

भिंतीशी हेमिश हेंडरसनचा अर्धपुतळा आहे. सैन्यातून परतलेला हा कवी पुढे स्कॉटिश लोकगीतं गोळा करत शेतावरच्या मजुरांकडे, भटक्या जमातींच्या तंबूंतून हिंडला. १९५१ मध्ये, मुख्य महोत्सवाचा थाट सामान्य माणसाला परका वाटतो म्हणून उभ्या राहिलेल्या पीपल्स फेस्टिव्हलमध्ये, त्याने त्याच गायकांना शहरात आणून रात्रभराची मैफल जमवली. त्याचा मुक्काम नेहमी या पबमध्ये. त्याच्या नाकाखाली आजही लोक बिअर सांडतात, आणि त्याला ते मान्य असतं, असं मला वाटतं.

विनोदवाला आमच्याशिवाय जगू शकत नव्हता. आमच्यातला एक जण खोकला तरी त्याच्या चेहऱ्यावर उमटत होतं. या पाठमोऱ्यांना आमची गरज शून्य होती. तरी मला सँडी बेल्समध्ये जास्त मोकळं वाटलं. कुणी आपल्या हसण्यावर डोळे लावून बसलेलं नाही, यात केवढी विश्रांती असते! मात्र मग एक आजोबा खुर्चीतच डोळे मिटून गाऊ लागले तेव्हा बारपासून ‘श्श’ असा आवाज पसरत गेला आणि शहरभर पत्रकं वाटून मिळत नाही तेवढं लक्ष त्यांना न मागता मिळालं. हे बघून त्या भुयारातल्या माणसाला काय वाटेल, असं मनात आलं.

तो तिथेच होता. बारला टेकलेला, बॅनरची नळकांडी पायाशी. कुणी ओळखलं नाही; मीही ओळख दाखवली नाही. आजोबांचं गाणं संपल्यावर पुन्हा रील सुरू झालं, गर्दी सरकली आणि तो ढकलला जात टेबलापर्यंत आला. स्वेटरवाल्या बाईंनी मान न वळवताच त्याला सांगितलं, कोपर आवर, गज अडतोय. त्याने आवरलं. मग बारशी परत जाऊन एक पाइंट मागितला आणि खिशातून मूठभर नाणी काउंटरवर ओतली, फार तर वीस-वीस, पन्नास-पन्नास पेन्सची. तो ओशाळून मोजायला लागला तर बारवाल्याने ती तळहाताने गल्ल्यात लोटली आणि म्हणाला, अजून असतील तर आण, सकाळपासून सुट्ट्यांची बोंब आहे.