वैशाखातली लोकर

वैशाखातल्या भर दुपारी मी मांडीवर लोकरीचा स्वेटर घेऊन बसले आहे. पंखा गरम हवाच ढवळतोय, खिडकीतला वाळ्याचा पडदा केव्हाचा सुकलाय, आणि ट्रंकेच्या तळातून निघालेल्या या मोरपंखी स्वेटरला डांबरगोळ्यांचा, जुन्या वर्तमानपत्राचा, कुठल्याशा विसरलेल्या डिसेंबरचा वास येतोय. घामेजल्या तळहातांना लोकरीचे बारीक तंतू चिकटतात. माझी लेक पोटात होती त्या हिवाळ्यात आईने हा माझ्यासाठी विणला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब झाली; ती उसवून सारखी करायची राहिली ती राहिलीच. हा स्वेटर जूनमध्ये घालायचा आहे, हे डोक्याला कळतं.

अंगाला पटत नाही.

लेक एडिंबरात असते, दोन वर्षं झाली. पुण्याच्या आभाळात मृगाचे ढग जमतील तेव्हा मी तिच्याकडच्या उन्हाळ्यात असेन. तिकडचा उन्हाळा म्हणजे दुपारचा पारा जेमतेम १८-१९ अंशांवर, रात्री दहापर्यंत दारात रेंगाळणारा उजेड, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ जणू तीन वेगवेगळ्या गावांहून आलेल्या. परवा फोनवर तिने मला खिडकी दाखवली. आर्थर्स सीटची टेकडी उन्हात न्हात होती, तिच्या अंगावर पिवळी रानफुलं पेटली होती. ही टेकडी एका विझलेल्या ज्वालामुखीची, हे ती तिथे गेली तेव्हाच मी वाचलं होतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी लांबचं का होईना, नातं निघालं म्हणून तेवढाच जिवाला आधार वाटला होता. मी गॅसवरचा चहा उतरवून परत आले तर टेकडी नाही, समोरची कौलं नाहीत, नुसतं पांढरं.

"हार आला बघ," ती म्हणाली.

समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला तिथे 'हार' म्हणतात. उबदार हवा उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून सरकते, गारठते, तिचं धुकं होतं, आणि पूर्वेचा वारा ते उचलून शहरात आणतो. शब्द त्यांचा, पण माझ्या कानाला तो मराठीच लागला. तिथल्या किल्ल्याच्या काळ्या कड्याच्या गळ्यात कुणी अलगद पांढरा हार घालतंय, असंच डोळ्यांसमोर आलं. जहाजांना वेळ कळावी म्हणून तिथल्या कॅल्टन हिलवरच्या मनोऱ्यातून रोज एक मोठा गोळा खाली सोडत. धुक्यात तो दिसेना, म्हणून १८६१ पासून किल्ल्यावर दुपारी एकची तोफ उडू लागली. रविवार सोडून ती अजूनही उडते. दिसत नाही तर निदान ऐकू तरी यावं. मला हे फार आपलंसं वाटलं. दोन वर्षं रोज रात्री तिच्या आवाजावरूनच मी तिचं आभाळ ओळखत आले आहे.

"एकावर एक घाल, गरम झालं की काढ. आणि छत्री नको आणूस, आई, इथला वारा उलटी करतो." सिंहगडावर जाताना तिच्या दप्तरात मी बळेच माकडटोपी कोंबायचे, आणि ती घडी न मोडता परत यायची. आता ती सांगते, मी ऐकते. सुती कुर्ते, त्यावर घालायला पातळ जाकीट, मग हा स्वेटर, वरून पाऊस अडवणारा कोट. बॅगेला मुभा २३ किलोंची. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आधीच जाऊन बसलेत, आणि त्यातलं काही काढायला माझा हात धजत नाही. छत्री मात्र पलंगावर बाजूला ठेवली. इतक्या वर्षांत छत्री घरी ठेवून मी पावसाच्या गावाला कधी गेले नाही. तिच्या जागी एक शाल ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. कुठल्या दिवशी कुठलं आभाळ वाट्याला येईल, आणि दारात उभी राहील ती लेक मला ठाऊक असलेलीच असेल ना, याची तयारी कुठल्या कप्प्यात करायची?

तेवढ्यात खोली अंधारली.

पश्चिमेकडून काळंभोर काही चढत आलं, दारं आपटली, धुळीचा लोट जिन्यातून वर घुसला, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आठवून मी पळाले. पाटी डोक्यावर घेईपर्यंत वळवाने गाठलंच. आधी टपोरे, विरळ थेंब, मग तापल्या फरशीवरून उठणारी वाफ, मातीचा वास, आणि पाठोपाठ गारा, खांद्यावर, मानेवर, पाठीच्या कण्यावर सपासप. पाटी पोटाशी धरून मी खाली आले. केसांतून पाणी निथळत होतं. आणि अंगावर काटा आला, दात किंचित वाजले.

कोरडी साडी नेसले. बॅग उघडीच होती. अगदी वरचा स्वेटर काढून अंगात घातला. डावी बाही बोटांच्या पेरांपर्यंत आली. ती तशीच राहू दिली, आणि खिडकीशी उभी राहून गारा वितळताना बघत राहिले.