हुगळीकाठी भेटलेली मराठी

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही घरी आला असेल. आम्ही कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहतो. माझी लेक शाळेत इंग्रजी बोलते आणि खाली खेळायला गेली की बंगाली. एका रात्री मराठीची वही मिटून ती म्हणाली, "आई, इथे मराठी कुणाला लागते? मी का शिकू?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, मी ती वही कपाटात ठेवून दिली.

उत्तराचा धागा सापडला तो एका इंग्रज खेड्यात. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये पॉलर्सपरी नावाचं छोटं गाव आहे. तिथे सेंट जेम्स हे मध्ययुगातलं जुनं चर्च आहे. १७६१ मध्ये याच गावात एका विणकराच्या घरी विल्यम केरी यांचा जन्म झाला. पुढे वडील त्या चर्चचे कारकून आणि गावच्या शाळेचे मास्तर झाले. केरी मात्र लहान वयातच जोडे शिवायला शिकू लागले. कॉलेज नशिबी नव्हतं. पण काम करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक आत्मसात केलं.

१७९३ मध्ये ते धर्मप्रसारासाठी बंगालमध्ये आले आणि १८०० पासून श्रीरामपूरला राहिले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. तिथले मराठी पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण तयार केलं आणि १८१० मध्ये कोश. व्याकरणातली मराठी देवनागरीत, कोशातली मोडीत! दोन्ही पुस्तकं छापली गेली श्रीरामपूरलाच.

एका रविवारी आम्ही बराकपूरहून लाँचनं नदी ओलांडून तिथे गेलो. आधी १८०६ मधलं सेंट ओलाव्ह चर्च पाहिलं. ते मोडकळीला आलं होतं. नीट दुरुस्ती झाली आणि २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मग केरींच्या समाधीपाशी गेलो. १८३४ मध्ये ते इथेच वारले.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपलं व्याकरण आपल्या घराजवळ छापलं?"

"हो."

"मग मोडीत माझं नाव कसं लिहायचं?"

मलाही मोडी येत नव्हती. परतीच्या लाँचमध्ये आम्ही दोघींनी मोबाइलवर मोडीची मुळाक्षरं शोधली. घरी आल्यावर मी कपाटातून ती वही काढली. पहिल्या पानावर तिनं वेडंवाकडं, पण स्वतःचं नाव लिहिलं.

"मराठी का शिकू" याचं नेमकं उत्तर मी अजूनही दिलेलं नाही. तिनंही पुन्हा विचारलेलं नाही. तुमच्या घरातली अशी एखादी वही कपाटात असेल, तर आज बाहेर काढा. आणि मुलांना शिकवायला नका बसू; त्यांच्याबरोबर शिकायला बसा.