राखीव नावे

आमचे नातू संगणकासाठी पायथन नावाच्या भाषेत आज्ञावल्या लिहितात. २०१८ साली तिची ३.७ ही आवृत्ती निघाली आणि ‘असिंक’ हा शब्द भाषेने स्वतःकडे राखून घेतला. तोवर ते नाव कोणीही खुशाल वापरी. आता तसल्या जुन्या आज्ञावल्या जागीच अडल्या. तोड मात्र सोपी. नावाच्या शेवटी एक खालची रेघ जोडली, की झाले!

माझी आजी माहेरची गोदावरी. लग्न होऊन नाशकास आली, तो सासूबाईही गोदावरीच! आजीची रमा झाली. सासूचे नाव तोंडी यायचे नाही. नाशिककर नदीला गंगाच म्हणतात, म्हणून बरे निभावले. रेघेची सोय तिला कोठली? भाऊ न्यायला येई आणि दारातून “गोदे” म्हणून हाक मारी. आजी आधी सासूबाईंकडे पाही, मग ओ देई.