दहा दिवसांतले दोन निकाल

जुलै २०२५ मध्ये मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ तारखेला उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती. ३१ तारखेला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. दोन्ही निकालांचा गाभा एकच होता, सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही. एका खटल्यातले आरोपी मुस्लिम, दुसऱ्यातले हिंदू.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मथळे ताडून पाहायची सवय अजून सुटलेली नाही. त्या दिवसांत मी स्टॉलवर मिळतील ती वर्तमानपत्रं आणून शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि रात्री चॅनेलवरच्या चर्चा ऐकल्या. लोकलमधली १८० हून अधिक माणसं मग मारली कोणी, असा जाब २१ तारखेला ज्यांनी विचारला, त्यातल्या अनेकांना मालेगावच्या सहा मृतांबद्दल तोच प्रश्न ३१ तारखेला सुचला नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे कलंक पुसला गेल्याचा जल्लोष होता. दुसऱ्या बाजूलाही हेच दिसलं. एकोणीस वर्षं तुरुंगात काढलेल्यांची बाजू ज्यांनी पोटतिडकीने मांडली, तेच दहा दिवसांनी पुराव्याअभावी सुटणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, असं समजावून सांगू लागले. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हे आरोपीचं नाव वाचून ठरत होतं. मला याची चीड येते. मालेगावच्या मृतांमध्ये एक शाळकरी मुलगी होती. दोन दिवसांच्या त्या गदारोळात तिची आठवण क्वचितच कुणी काढली.

हे सगळं संपादकांच्या विचारसरणीतून येतं, असं म्हणून हात झटकता येतील. पण बातमी तयार कशी होते, हे मी जवळून पाहिलं आहे. अटकेची बातमी संध्याकाळी येते, पानं सोडायची घाई असते तेव्हा. पत्रकार परिषदेत टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे रांगेत अधिकारी, पुढे तोंडावर काळे बुरखे चढवलेली माणसं. फोटो तयार, नाव, वय, गाव तयार, आरोपीने कबुली दिल्याचं ‘सूत्रां’कडून कळलेलं. आरोपीच्या घराला कुलूप असतं, वकील अजून ठरलेला नसतो. पहिल्या पानावर पाच कॉलम भरतात ते एकाच बाजूच्या माहितीने. सुटकेच्या दिवशी तपास यंत्रणा पत्रकार परिषद घेत नाही. निकालपत्र शेकडो पानांचं, संध्याकाळपर्यंत ते वाचून होणं शक्य नसतं. मग डेस्क प्रतिक्रिया मागवतं आणि प्रतिक्रिया द्यायला पुढारी तत्पर असतात. कोणता साक्षीदार का टिकला नाही, हे बाजूला राहतं आणि कोण कुणाची माफी मागणार, यावर पान सजतं.

मालेगावने याची किंमत त्याआधीच मोजली होती. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. पोलिसांनी मुस्लिम तरुणांनाच पकडलं. त्यांना शहरात दंगल पेटवायची होती, ही पोलिसांची मांडणी बहुतेकांनी जशीच्या तशी छापली. शब-ए-बारातला आपलीच माणसं कोण आणि का मारेल, हा गावातल्या कुणालाही सुचणारा प्रश्न बाहेरून गेलेल्या फारच थोड्या बातमीदारांनी लावून धरला. पुढे एनआयएने २०१३ मध्ये वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधी पकडलेल्या तरुणांना आरोपमुक्त केलं. न्यायाधीशांनी आदेशात तोच प्रश्न उपस्थित केला होता. मधली दहा वर्षं मोसम नदीच्या काठचं हे यंत्रमागाचं शहर वर्तमानपत्रांच्या भाषेत संशयितच होतं.

तेव्हाचे एटीएसप्रमुख हेमंत करकरे यांच्या वाट्याला तर दोन्ही टोकं आली. २००८ च्या मालेगाव तपासामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर हिंदूविरोधी असल्याचे आरोप झाले, आणि ते छापणारेही होते. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात ते मारले गेले आणि सगळीकडे हुतात्मा ठरले. त्यांचा तपास बरोबर होता की चूक, हे शांतपणे तपासायची तसदी ना आधी घेतली गेली, ना नंतर.

लोकल स्फोटांच्या अपिलांवर उच्च न्यायालयात जुलै २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत सुनावणी चालली. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर काही ठिकाणी शब्दशः सारखा आहे, ही गोष्ट न्यायालयासमोर होती. पोलीस पत्रकार परिषदा घेतात आणि बातम्यांमधूनच माणसाचा दोष ठरून जातो, हा मुद्दा ज्येष्ठ वकील एस. मुरलीधर यांनी युक्तिवादात मांडला. ते दिवस पहिल्या पानाचे होते. बहुतेक ठिकाणी त्यांना आतल्या पानावर जागा मिळाली, म्हणून २१ जुलैचा निकाल वाचकांना आकाशातून पडल्यासारखा वाटला. मालेगाव खटल्यातही साक्षीदार एकामागून एक फितूर होत होते, साक्षीदारांचे मूळ जबाब गहाळ झाल्याचं २०१६ मध्येच समोर आलं होतं. त्या कागदांचा माग काढायला कुठल्या दैनिकाने एक माणूस महिनाभर मोकळा सोडला?

लोकल खटल्यात राज्य सरकारने लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठलं. मालेगावच्या निकालाविरुद्ध सप्टेंबर २०२५ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांनाच उच्च न्यायालयात जावं लागलं. डेस्कवरच्या माझ्या तरुण मित्रांना मी तेव्हापासून एकच विनवणी करतो आहे. या अपिलाच्या प्रत्येक तारखेला आपला बातमीदार कोर्टात बसवा. जबाब कुणाच्या ताब्यातून गेले, साक्षीदार कधी आणि का फिरले, सरकारी वकील काय बोलले आणि कशावर गप्प राहिले, हे सगळं त्याला लिहू द्या. लोकल खटल्यासाठीही तसाच एक जण दिल्लीत ठेवा. आणि दोघांच्या बातम्या एकाच पानावर, एकाच मापाच्या मथळ्यात लावा.